ट्रेलरच्या चाकातच बसवलेलं लॉक: कोणी वापरतंय का?

रानवाटा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, विभाग चुकला असेल तर हलवा.

माझ्याकडे दोन चाकी ट्रेलर आहे, सिंगल ॲक्सल, त्यावर जनरेटर आणि वेल्डिंगचं सामान, भरून साधारण दीड टन होतो. काम संपलं की मोकळ्या जागेत लावतो, गाडी सोडवतो आणि घरी जातो, ट्रेलर रात्रभर तिथेच. आता कार चोरायची म्हटली तर काहीतरी इलेक्ट्रॉनिक भानगड तरी करावी लागते, ट्रेलरला ना इंजिन ना चावी ना अलार्म, ज्याच्या गाडीला मागे बॉल आहे त्याने यावं, हूक अडकवावा आणि निघावं. सध्या कपलिंगला, म्हणजे ट्रेलर गाडीच्या बॉलला अडकतो त्या तोंडाला, एक कुलूप असतं आणि चाकाला बाहेरून पिवळा क्लॅम्प. क्लॅम्प भरपूर जड आहे, चिखलात बसून लावावा लागतो, आणि अशी वस्तू रोज लावली जात नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून विचार आला की चाकात किंवा ॲक्सललाच कायमचं बसवलेलं लॉक का असू नये? आमचा फॅब्रिकेटर म्हणतो ब्रेक ड्रमला चार भोकं पाडू, मागच्या प्लेटमधून एक जाड खिट्टी आत सरकवायची, तिला बाहेरून कुलूप, झालं काम, दोन सेकंदात चाक जाम. ऐकायला तर भारी वाटतंय. कोणी असं काही केलंय का, की तयार काही मिळतं? आणि मुळात चाक लॉक करून ट्रेलरची चोरी थांबते का?

---

नटबोल्ट

ड्रमला भोकं पाडू नका. पाणी आणि चिखल सरळ लायनरवर जाणार, ब्रेक धरायचे बंद होतील. बाकी सविस्तर कोणीतरी लिहीलच.

---

हबबेअरिंग

लिहितो सविस्तर, कारण हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच आणि दरवेळी कोणीतरी ड्रिल मशीन घेऊन तयार असतो.

आधी थोडं गणित करू. दीड टनाचा ट्रेलर, दोन चाकं, म्हणजे एका चाकावर साधारण साडेसातशे किलो. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.७ धरा, म्हणजे जाम केलेलं चाक घसरायला लागेपर्यंत टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे सव्वापाचशे किलोच्या आसपास जोर येतो. आता टायरची त्रिज्या ३० सेंटीमीटर आणि तुमची खिट्टी ड्रममध्ये मध्यापासून १० सेंटीमीटरवर, म्हणजे खिट्टीवर त्याच्या तिप्पट, दीड टनाच्या वर. हे झालं हळूहळू ओढल्यावर. चोराला कसली घाई नसते असं थोडंच आहे, तो झटका देणार, आणि खिट्टी आणि भोक यांच्यात दोन मिलिमीटर जरी ढिलाई असली तरी तो झटका घणासारखा बसतो. खिट्टी चांगल्या स्टीलची घेतली तर कदाचित टिकेल, पण ड्रम बिडाचा असतो, बीड वाकत नाही, तडकतं. म्हणजे चोर हात हलवत परत गेला तरी तडकलेला ड्रम तुमच्याकडे राहिला, आणि तो बाहेरून दिसतही नाही, दिसतो तो भरल्या ट्रेलरला उतारावर ब्रेक लावल्यावर.

पण मला यापेक्षा मोठी भीती दुसरीच वाटते. चाकात बसवलेलं लॉक करताना पहिला प्रश्न चोराचा नसतोच, पहिला प्रश्न असतो की हे लॉक ट्रेलर चालू असताना चुकून लागू शकतं का. ट्रेलरचं सस्पेन्शन कसलं ते आपल्याला माहीत आहे, सगळं दिवसभर थडथडत असतं, कुलपाची जीभ झिजते, स्प्रिंग मऊ पडते, आणि एके दिवशी खिट्टी वेगात असताना आत गेली की एकच चाक जागच्या जागी जाम. ट्रेलर त्या बाजूला झटकन आडवा फिरतो आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जातो. कारच्या स्टिअरिंग लॉकचंच बघा, तिथेही स्प्रिंगने पुढे येणारी जीभ स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत जाते, पण चावी आत आहे तोपर्यंत तिला मागे धरून ठेवलेलं असतं आणि गाडी चालू असताना चावी बाहेर येऊच नये अशी रचना असते. एवढी काळजी कंपनीच्या डिझाइनमध्ये घेतात. फॅब्रिकेटरच्या खिट्टीला कोण धरून ठेवणार?

म्हणून माझ्या मते चाकाचं चांगलं बिल्ट-इन लॉक म्हणजे ज्याचा अर्धा भाग ट्रेलरवर कायमचा असतो आणि उरलेला अर्धा तुमच्या हातात असतो. हातात आहे म्हणजे चालताना लागायचा प्रश्नच मिटला. युरोपात कॅरॅव्हॅनना, म्हणजे गाडीमागे ओढायच्या राहायच्या ट्रेलरना, असंच येतं, अल-को कंपनीचं सिक्युअर नावाचं लॉक त्यातलं सगळ्यात ओळखीचं. ॲक्सलला, चाकाच्या आतल्या बाजूला, एक रिसिव्हर बोल्ट केलेला असतो, आत आटे असलेली जाड नळी समजा. बाहेरून एक इन्सर्ट, म्हणजे रिमच्या दोन आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत बसेल असा लोखंडी ठोकळा, त्यातून लांब बोल्ट थेट त्या रिसिव्हरमध्ये कसायचा आणि बोल्टच्या डोक्यावर कुलूप दाबून बसवायचं. चाक फिरायला लागलं की आरा ठोकळ्यावर आदळतो आणि थांबतो. आणि मुख्य म्हणजे बोल्ट रिममधूनच आरपार गेलेला असल्यामुळे चाकाचे नट मोकळे असले तरी चाक काढता येत नाही. हे बाहेरच्या क्लॅम्पपेक्षा फार मोठं आहे, कारण स्वस्त क्लॅम्पमध्ये नट उघडे राहतात, चोर चाक काढतो, क्लॅम्पसकट बाजूला ठेवतो, स्वतःची स्टेपनी लावतो आणि जातो. किंवा टायरची हवा सोडतो आणि क्लॅम्प ढिला करून ओढून काढतो.

---

चिखलदऱ्या

हे सगळं ठीक पण बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे काय टिकतं राव. सरळ जीपीएस लावा सामानात लपवून आणि झोपा निवांत.

---

हबबेअरिंग

जीपीएस जरूर लावा, पण ते चोरी झाल्यावर कळवणारं यंत्र आहे, चोरी थांबवणारं नाही. ट्रेलर बंद पत्र्याच्या ट्रकमध्ये गेला किंवा जवळ जॅमर असला की टिपका जागेवरच थिजतो.

ग्राइंडरचं म्हणाल तर खरं आहे, कापता सगळंच येतं. पण कुठे कापायचं हे बघा ना. कपलिंगचं कुलूप समोर, हाताच्या उंचीवर, उभं राहून दोन मिनिटांत. रिममध्ये घुसलेल्या इन्सर्टला डिस्क तिरकी धरावी लागते, रिमची कड मध्ये येते, बोल्टचा उरलेला भाग चाकाच्या मागे, तिथे पोहोचायला ट्रेलरखाली आडवं पडावं लागतं, ठिणग्या तोंडावर, वर आवाज. वेळ आणि गैरसोय एवढंच लॉक विकत असतं. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर नावाची संस्था कुलपं प्रत्यक्ष तोडून बघते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते, तिथेही सगळा हिशोब कुठल्या हत्यारांपुढे किती वेळ टिकलं याचाच असतो.

---

व्हील_क्लॅम्प_नको

क्लॅम्पचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. तो पोलीस लावतात तो पिवळा बूट पहिल्यांदा १९५५ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वापरात आला, म्हणून त्याला डेन्व्हर बूटच म्हणतात. बनवणारा फ्रँक मारुग, पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, आणि शिवाय डेन्व्हरच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा! पेटंट १९५८ चं. त्या बुटातली खरी अक्कल जबड्यात नाही, पुढच्या ताटलीत आहे, ती चाकाच्या नटांवर येऊन बसते. हबबेअरिंग म्हणतात तो चाकच काढून न्यायचा मार्ग त्याने तेव्हाच बंद केला होता. आज बाजारात मिळणारे कितीतरी क्लॅम्प त्या ताटलीशिवाय येतात, वर दिसायला मात्र अगदी पोलिसांसारखे पिवळेधमक.

---

रानवाटा

बापरे, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. फॅब्रिकेटरला फोन करून ड्रिल मशीन खाली ठेवायला सांगितलंय. :)

दोन शंका. एक, ट्रेलरला हँडब्रेक आहेच, तो ओढून त्याच्या लिव्हरला कुलूप लावलं तर तेच बिल्ट-इन लॉक झालं ना? दोन, माझे रिम साधे लोखंडी आहेत, गोल भोकांचे, त्यांना ते आरपार बोल्टचं लॉक बसेल का?

---

अठराचाकी

हँडब्रेकचं मी सांगतो, पण जरा मोठ्या गाड्यांकडून येतो कारण तिथे हेच चित्र स्वच्छ दिसतं.

मोठ्या ट्रेलरला चाकाचं लॉक कंपनीतूनच येतं आणि ते उलट्या तत्त्वावर चालतं. एअर ब्रेकच्या चेंबरमध्ये मागच्या कप्प्यात एक दणकट स्प्रिंग असते, हवा नसेल तर ती स्प्रिंग दांडा बाहेर ढकलते आणि चाक जाम. हवा आली, साधारण ६० पीएसआयच्या वर दाब गेला, की स्प्रिंग मागे दबते आणि चाक मोकळं. म्हणजे उभा असलेला ट्रेलर मुळातच लॉक आहे, त्याला सोडवायला हवा लागते. त्यामुळे अशा ट्रेलरला चाकात काहीही घुसवायची गरज नसते, हवा कुठून आत जाते ते दार बंद करा म्हणजे झालं. ट्रॅक्टरपासून, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकच्या पुढच्या भागापासून, ट्रेलरकडे दोन पाइप जातात, त्यातला लाल सप्लायचा. ट्रेलरच्या नाकावर ते पाइप जोडायचं जे तोंड असतं, ग्लॅडहँड, त्यावर कुलूप बसवायचं. दुसऱ्याचा ट्रॅक्टर खाली घुसला, किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) अडकली, तरी लाल पाइप जोडता येत नाही आणि चाकं सुटत नाहीत. जोडीला किंगपिनवर लोखंडी टोपी आणि तिला कुलूप, म्हणजे ती पकडणारी ट्रॅक्टरवरची ताटली, फिफ्थ व्हील, मुळात अडकतच नाही.

पण ज्याला माहीत आहे त्याच्याकडे याचाही तोड आहे. चेंबरच्या मागे रबरी बूच असतं, ते काढून तिथून टीच्या आकाराचा बोल्ट आत घालायचा, पाव फेरा फिरवून अडकवायचा आणि बाहेरून नट कसत आणायचा. स्प्रिंग आतल्या आत दबते आणि हवेशिवायच ब्रेक सुटतो. हा बोल्ट बहुतेक वेळा चेंबरच्याच कुशीत एका खोबणीत ठेवलेला असतो, कारण रस्त्यात हवा गेली तर ड्रायव्हरला गाडी बाजूला घेता यावी. मी म्हणेन की यार्डात महिनोनमहिने उभ्या राहणाऱ्या ट्रेलरचे ते बोल्ट काढून घ्या आणि केबिनमध्ये ठेवा. चोर स्वतःचे आणेलही, पण दोन ॲक्सलला चार चेंबर, प्रत्येक ठिकाणी खाली झोपून पान्हा फिरवत बसायचं, हे सगळे करत नाहीत. (आणि कोणी हे वाचून कुतूहलाने चेंबर उघडायला जाऊ नका, त्या स्प्रिंगच्या जोराने माणसं गेलेली आहेत.)

अजून एक, जुन्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नसतात, नुसत्या टाकीतल्या हवेवर ब्रेक धरलेला असतो. तो रात्रभरात हवा गळली की आपोआप सुटतो. त्याला लॉक समजू नका, चाकाखाली ठोकळे लावा.

आता तुमचा हँडब्रेक. तुमच्याकडे ब्रेक केबलवर आहे. लिव्हरला कुलूप लावलं तर चोर लिव्हरकडे बघतही नाही, खाली वाकतो आणि केबल कापतो, कटरचा एक चावा. शिवाय हँडब्रेक ओढून ट्रेलर महिनाभर उभा ठेवला तर ओलीत लायनर ड्रमला चिकटतात, मग तुमचाच ट्रेलर तुम्हाला सोडेना. ज्यांच्या कॅरॅव्हॅन हिवाळाभर उभ्या असतात ते हँडब्रेक सोडून ठेवतात आणि चाकांना ठोकळे लावतात, ते यासाठीच.

---

मी_फक्त_सायकल

मला ट्रेलरमधलं काही कळत नाही पण हातातला अर्धा, गाडीवरचा अर्धा हे वाचून हसू आलं, कारण आमच्या सायकलींत नेमकं उलटं सगळ्यात जास्त चालतं. डच सायकलींना मागच्या चाकाच्या वर फ्रेमलाच घोड्याच्या नालेसारखं लॉक असतं, खटका खाली ओढला की गोल दांडी आऱ्यांमधून फिरून पलीकडे जाते. पूर्ण बिल्ट-इन, काहीही बरोबर न्यायचं नाही. आणि चालताना लागू नये याची काळजी चावीने घेतलेली असते, चावी फिरवल्याशिवाय खटका खाली येत नाही, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये लॉक उघडं असताना चावी बाहेरच निघत नाही. म्हणजे चावी खिशात आली याचा अर्थ सायकल लॉक झालेलीच आहे, विसरायची सोयच ठेवलेली नाही.

फक्त त्या लॉकने सायकल कशालाच बांधली जात नाही, उचलली की गेली. म्हणून त्याच लॉकमध्ये साखळीचं टोक खुपसायला वेगळं भोक देतात, साखळी खांबाला घालून आणायची आणि टोक तिथे अडकवायचं.

---

हबबेअरिंग

सायकलवाल्यांनी नेमकी जागा पकडली. चाक जाम करणं आणि वाहन जागेला बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानवाटा, तुमच्या पहिल्या पोस्टमधला शेवटचा प्रश्न तोच होता ना, चाक लॉक करून चोरी थांबते का. वरचं गणित आता उलट बाजूने बघा: लॉक कितीही भक्कम घ्या, सव्वापाचशे किलोच्या पुढे टायर घसरतोच. दणकट गाडी जाम चाक फरपटत नेऊ शकते, टायरचा धूर होईल, खाली रबराचा काळा पट्टा उठेल, एका बाजूचंच चाक जाम असल्यामुळे ट्रेलर सारखा त्या बाजूला ओढेल, पण जाईल. आणि ज्याच्याकडे विंच (वाहन वर ओढून घ्यायचं यंत्र) असलेला फ्लॅटबेड ट्रक आहे तो जाम चाकाखाली प्लॅस्टिकची घसरपट्टी सारतो किंवा चार छोट्या चाकांची डॉली लावतो, मग चाक जाम आहे की मोकळं याच्याशी त्याला काही घेणंदेणं राहत नाही.

म्हणून रोज एकाच जागी लावत असाल तर जमिनीत काँक्रीटमध्ये एक अँकर, म्हणजे लोखंडी कडी, बसवा आणि त्यातून जाड साखळी चेसिसच्या बंद चौकटीतून घाला, ड्रॉबारमधून (कपलिंगकडे जाणाऱ्या पुढच्या दांड्यातून) नको, तो बऱ्याचदा बोल्ट काढून सुटा करता येतो. चाकाचं लॉक, कपलिंगचं लॉक आणि साखळी तिन्ही असले की वेगवेगळी हत्यारं लागतात. सगळ्यात महाग एकच लॉक घेण्यापेक्षा मला हे आवडतं.

लोखंडी रिमचं: तुमच्या रिमला बसणारा इन्सर्ट मिळतो का ते आधी विकणाऱ्याला विचारा. हे इन्सर्ट रिमप्रमाणे बदलतात, आऱ्यांचा आकार, चाकाचा ऑफसेट, रिसिव्हरपर्यंतचं अंतर हे सगळं जुळावं लागतं, म्हणून त्यांना नंबर असतात आणि ट्रेलरच्या रिमप्रमाणे तो नंबर मागवायचा. तुमच्या ॲक्सलला रिसिव्हर लावायची जागा कंपनीने ठेवली आहे का ते आधी खाली झोपून बघा. नसेल तर ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंग अजिबात करू नका, विशेषतः रबर टॉर्शनचा ॲक्सल असेल तर, उष्णतेने आतलं रबर जातं आणि ॲक्सलच बाद होतो. तुमच्याकडे वेल्डिंग मशीन हाताशी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

---

चिखलदऱ्या

मान्य आहे बाबा, पण मग कारचं काय? कारला तर कंपनीनेच सगळं दिलंय, इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारं यंत्र), स्टिअरिंग लॉक, गिअर पार्कमध्ये लॉक. तिथे कोणी चाकाचं लॉक का लावतंय अजून?

---

व्हील_क्लॅम्प_नको

कारण इलेक्ट्रॉनिक लॉक तोडायचं हत्यारही इलेक्ट्रॉनिकच असतं आणि त्याला आवाज नाही, ठिणगी नाही.

स्टिअरिंग लॉक अमेरिकेत १९७० च्या मॉडेलपासून नियमात आला. इमोबिलायझर युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. अमेरिकेत इमोबिलायझरची सक्ती नाही, त्याचा नमुना सगळ्यांनी पाहिला, चावी फिरवून चालू होणाऱ्या बऱ्याच ह्युंदाई आणि किया गाड्या इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या आणि सिलिंडर उचकटून यूएसबीच्या टोकाने गाडी कशी चालू करायची याचे व्हिडिओ फिरले. शेवटी २०२३ मध्ये या कंपन्यांनी सॉफ्टवेअर अपडेट काढलं, आणि जोडीला कशाचं वाटप केलं माहितीये? स्टिअरिंगला बाहेरून लावायचा साधा लोखंडी दांडा. इमोबिलायझर असलेल्या चावीविरहित गाड्यांत किल्लीचा सिग्नल लांबून पुढे पाठवून गाडी उघडतात, आणि आता तर हेडलाइटच्या मागच्या वायरमधून गाडीच्या कॅन नेटवर्कमध्ये (गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्यात) घुसायचीही पद्धत आहे, तिथे इमोबिलायझरला वाटतं की खरी किल्लीच आली.

पार्क गिअरचं म्हणाल तर त्यात गिअरबॉक्समध्ये एक छोटी खिट्टी दात्यात अडकते, ती फक्त इंजिनने फिरणाऱ्या चाकांना धरते. पुढची चाकं इंजिनवर असतील तर पुढून उचलली की मागून गाडी मोकळी. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर मात्र बरं, तो स्क्रूवर चालतो आणि बॅटरी काढली तरी सुटत नाही, त्या अर्थाने तो आजच्या कारमधला खरा बिल्ट-इन चाकलॉक आहे आणि कोणी त्याला तसं मोजत नाही. पण तोही डॉलीपुढे हतबलच.

---

नटबोल्ट

एक राहिलं. जड मशीनवाले ब्रेकच्या पाइपमध्ये व्हॉल्व्ह टाकतात, पेडल दाबायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा, दाब आत अडकून राहतो आणि चारही चाकं धरलेली. काही जण तेच चोरीसाठी म्हणून कारला लावून देतात. नका लावू. सीलमधून दाब हळूहळू उतरतोच, आणि रात्रीच्या गारव्यात तेल आकसलं की पकड अजून ढिली. उलट उन्हात तेल फुगून दाब वाढतो. तात्पुरतं धरायला ठीक, रात्रभर भरवसा ठेवायला नाही.

---

रानवाटा

आत्ता खाली घुसून आलो. ॲक्सल टॉर्शनचाच आहे, पण दोन्ही चाकांच्या मागे ॲक्सलवर दोन-दोन भोकांच्या पट्ट्या आहेत, त्यांचा काही उपयोग आजवर कळला नव्हता. म्हणजे रिसिव्हर तिथेच बसणार बहुतेक. एका चाकाला लावतो आणि अँकरची साखळी करतो. वापरायला किती त्रासाचं आहे तेवढं सांगा, कारण क्लॅम्पची सगळी रड तीच होती.

---

हबबेअरिंग

पट्ट्यांचे फोटो आणि ॲक्सलवरच्या प्लेटचा नंबर रिसिव्हर विकणाऱ्याला दाखवा, म्हणजे नक्की होईल.

त्रास एवढाच की रिमचं भोक आणि रिसिव्हर एका रेषेत यावे लागतात. सिंगल ॲक्सलला सोपं आहे, ट्रेलर उभा करताना कोणीतरी बाजूला उभं राहून बघायचं आणि तुम्ही वीतभर पुढे-मागे घ्यायचं. टायरच्या बाजूवर खडूने किंवा पांढऱ्या पेंटने एक रेघ मारून ठेवा, रेघ बरोबर खाली आली की भोक रिसिव्हरसमोर, म्हणजे आरशात बघूनही एकट्याला जमतं. दोन ॲक्सलवाल्यांचे मात्र हाल, एक चाक जुळलं की दुसरं निसटतं, मग दुसऱ्याला जॅकवर उचलून हाताने फिरवावं लागतं.

रोज लावायचं असेल तर बोल्टच्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या, पण कुलपाच्या आत ग्रीस घालू नका, त्यात धूळ बसून चावी अडकते, तिथे ग्रॅफाइटची पावडर. ट्रेलर चालू असताना रिसिव्हरच्या तोंडाला प्लॅस्टिकचं बूच येतं ते लावायचंच, नाहीतर चिखल आत जाऊन वाळतो आणि पुढच्या वेळी बोल्ट अर्ध्यातच घट्ट होतो आणि तुम्हाला वाटतं लागला.

---

अठराचाकी

आणि इन्सर्ट चाकात असताना ट्रेलर ओढला जाऊ नये म्हणून लॉकचं रिकामं कव्हर किंवा एखादी लाल चिंधी गाडीच्या स्टिअरिंगला अडकवायची सवय लावा. विसरून निघालात तर पहिल्या फेऱ्यालाच रिमचं भोक लांबट होतं आणि मडगार्डही जातं.

स्टेपनीचं पण बघून घ्या रानवाटा, तिचा रिम वेगळ्या भोकांचा असेल तर पंक्चर झाल्यावर तोच इन्सर्ट तिला बसणार नाही आणि नेमकं त्याच दिवशी ट्रेलर बिनलॉकचा रात्रभर बाहेर. चावीवरचा नंबर चावीच्या जुडग्यात ठेवू नका, दुसरीकडे लिहून ठेवा, दुसरी चावी त्या नंबरवरच मागवता येते. विम्याच्या कागदात चाकाचं लॉक लावायची अट असेल तर दोन्ही चाव्या आणि खरेदीची पावती जपून ठेवा, क्लेमच्या वेळी पहिल्यांदा तेच मागतात.

---

रानवाटा

स्टेपनी बघितली, गोल भोकंच आहेत पण रिम एक इंच लहान आहे. म्हणजे आधी स्टेपनी बदलायला लागणार.